पंतोजी, मास्तर आणि गुरुजी



शिक्षकाला समाजात मान राहिला नाही, ही तक्रार आपण सर्वांनी ऐकलेली आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ती केलेलीही असेल. तक्रार करणारा बहुधा असे गृहीत धरतो की, पूर्वी कधीतरी हा मान होता आणि अलीकडे, म्हणजे बोलणाऱ्याच्या तरुणपणानंतर, तो नाहीसा झाला. ह्या समजुतीला इतिहासाचा आधार किती, हे तपासून पाहावे एवढाच ह्या व्याख्यानाचा हेतू आहे. रोगाचे वय ठाऊक नसले म्हणजे औषधाची मात्रा चुकते. कालपरवाचा ताप म्हणून ज्यावर आपण काढा देत आहो, ते दुखणे दोनशे वर्षांचे जुने निघाले तर उपचार बदलावा लागेल.

आपल्याकडे गुरूला देवाच्या पंक्तीला बसविलेले आहे, हे खरे. आषाढी पौर्णिमेला आपण त्याची पूजा करतो. परंतु हा गुरू कोण? ज्याने मंत्र दिला, दीक्षा दिली, परमार्थाची वाट दाखविली तो. सहा वर्षांच्या पोराचा हात धरून धुळपाटीवर अक्षर गिरविणारा मनुष्य त्या आसनावर कधीच बसला नव्हता. त्याचे नाव पंतोजी. शब्द पाहा: ‘पंत’ हे मुळात आदराचे, आणि त्यावर पुन्हा ‘जी’. दोन्ही बाजूंनी मान लावलेला हा शब्द मराठीत थट्टेचा झाला. तात्यापंतोजी म्हटले की हातात छडी, नाकावर चष्मा आणि अंगात कळकट बंडी असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. भाषा खोटे बोलत नाही. आदराचा शब्द थट्टेचा होतो तेव्हा तो ज्याच्याकरिता वापरला जातो त्याचे स्थान काय आहे, हे समाजाने आधीच ठरविलेले असते.

पेशवाईतील विद्येची रचना ध्यानात घेतली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. त्या काळी विद्येचे दोन मजले होते. वरच्या मजल्यावर शास्त्री. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, वैद्यक हे त्याचे विषय. विद्यार्थी वयाने मोठे. आणि आश्रय राजाचा. पुण्यास श्रावणमासात दक्षिणा वाटली जाई, ती ह्या वर्गाला. पेशवाई बुडाल्यावरही एल्फिन्स्टनसाहेबाने दक्षिणेची परंपरा एकदम मोडली नाही, आणि १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तीही ह्याच मजल्यासाठी. शास्त्र्याचा मान नव्या राज्यकर्त्यालाही राखावासा वाटला.

खालच्या मजल्यावर पंतोजी. मुळाक्षरे, उजळणी, पावकी-निमकी-औटकी, मोडीचे वळण, पत्रांचे मायने आणि थोडासा जमाखर्च, एवढी त्याची विद्या. कुळकर्ण्याचे दप्तर, सावकाराची वही आणि फडावरचा कारकून, सगळे ह्या विद्येवर चालत. राज्याचा रोजचा गाडा ओढणारी माणसे तो तयार करी. पण राज्याच्या लेखी तो कोणीच नव्हता. गावाच्या लेखीही नव्हता. बारा बलुत्यांची नेहमीची यादी काढून पाहा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी ही नावे तेथे सापडतील. खळ्यावर ह्यांचा हक्क होता. पीक निघाले की त्यांचा वाटा त्यांना मिळे. पंतोजीचे नाव त्या यादीत नाही. त्याला वतन नाही, बलुते नाही, इनाम नाही. पोरामागे मिळेल ती फी आणि सणावारी शिधा, हाच त्याचा निर्वाह. ज्याचा हक्क असतो त्याच्याशी गाव भांडते, पण त्याला मोजते. ज्याचा हक्क नसतो त्याला गाव देते ते उपकार म्हणून देते. पंतोजीचा पहिला अपमान हा असा, कोणीही शब्द न उच्चारता झालेला आहे.

ह्या शाळांची पाहणी इंग्रजी अमलाच्या आरंभी झाली. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून माहिती मागविण्यात आली. ते कागद पुढे रा. वि. परुळेकरांनी परिश्रमपूर्वक प्रसिद्ध केले. १८२९ च्या सुमाराच्या आकड्यांप्रमाणे मुंबई इलाख्यात १,७०५ शाळा होत्या आणि त्यांत ३५,१४३ मुले शिकत होती. भागाकार करून पाहिला तर शाळेमागे वीस मुले पडतात. वीस मुलांच्या फीवर पंतोजीची मासिक प्राप्ती साधारणतः तीन ते पाच रुपयांच्या घरात जाई. शाळेला स्वतंत्र इमारत बहुधा नसेच. देऊळ, धर्मशाळा किंवा कोणाच्या तरी घराची ओसरी. ओसरी ज्याची त्याचा मुलगा शाळेत असला तर त्याच्यावर छडी किती जोराने उगारायची, हा प्रश्न पंतोजीपुढे रोज असणार, हे सांगावयास नको.

ह्या चित्राची दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. पंतोजीची शिक्षा क्रूर असे. त्याच्या शाळेत मुली नसत, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले नसत, शेतकऱ्यांची मुले फार थोडी असत. समाजाच्या मोठ्या भागाचा त्याच्याशी संबंधच येत नव्हता. ज्याच्या दारात आपल्याला कधी उभे केले नाही, त्याचा आदर त्या लोकांनी का करावा? शिक्षकाला मान मिळत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा मान देणारा समाज म्हणजे कोणता समाज, हेही विचारले पाहिजे.

आता मास्तर कसा जन्मास आला ते पाहू. १८२२ साली मुंबईत शाळा व शाळापुस्तके ह्यांसाठी मंडळी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांच्या देखरेखीखाली नव्या पद्धतीचे शिक्षक तयार करण्याचे काम सुरू झाले, आणि १८२६ साली अशा चोवीस शिक्षकांची पहिली तुकडी मराठी व गुजराथी मुलखांत पाठविण्यात आली. हे शिक्षक छापील पुस्तके घेऊन गेले आणि सरकारी पगार घेऊन गेले. ओसरीच्या मालकापासून शिक्षकाची सुटका झाली, ही मोठीच गोष्ट घडली. परंतु त्याच दिवशी तो सरकारी नोकरांच्या शिडीवर येऊन बसला, आणि त्या शिडीची सर्वांत खालची पायरी त्याच्या वाट्यास आली.

खालच्या पायरीवर बसलेल्याला वर चढावेसे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की, ही शिडी शाळेच्या आत वर जात नव्हती. ती शाळेच्या बाहेर जात होती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे उदाहरण घ्या. १८३६ साली त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. बाळशास्त्री जांभेकरांच्या पाठोपाठ शिक्षक घडविण्याच्या कामात इतका अधिकारी पुरुष मुंबईत दुसरा नव्हता. १८४६ साली बाळशास्त्री वारले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. आणि दादोबा? १८५२ साली ते अहमदनगरास डेप्युटी कलेक्टर झाले. ह्यात दादोबांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांची विद्या पुढेही चालूच राहिली. पण राज्याने काय सांगितले ते पाहा. उत्तम शिक्षकाला बक्षीस द्यायचे तर त्याला शिक्षक ठेवायचे नाही, वसुलीच्या खात्यात न्यायचे! पुढे शेकडो हुशार तरुणांनी हा धडा बरोबर गिरविला. मास्तरकी हा धंदा वाटेतल्या धर्मशाळेसारखा झाला. दुसरे काही मिळेपर्यंत तेथे राहायचे. आणि ज्याला काहीच मिळाले नाही तो तेथे कायमचा राहिला, असे लोक समजू लागले. व्यवसायाची अप्रतिष्ठा इतक्या साध्या रीतीने होते.

ह्याच सुमारास पुण्यात दुसऱ्या प्रकारचा अपमान घडत होता. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. येथे शिक्षकाला गरीब म्हणून हिणविलेले नाही. तो कोणाला शिकवतो ह्यासाठी छळलेले आहे. विश्रामबागवाड्यात १८५२ साली जोतीरावांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन गौरव झाला, तोही ह्याच पुण्यात. ज्याच्या हाती सत्ता होती त्याने शाल दिली आणि ज्यांच्या मुलाबाळांचे काम होत होते त्या गावाने शेण फेकले, हा विरोध विसरण्याजोगा नाही.

शिक्षकाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न महाराष्ट्रात मुळापासून जर कोणी विचारात घेतला असेल तर तो जोतीरावांनी. १८८२ साली हंटर कमिशन आले, तेव्हा १९ ऑक्टोबर रोजी त्यांनी आपले निवेदन सादर केले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो. पण त्यात शिक्षकासंबंधी जे आहे त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जोतीरावांच्या मताप्रमाणे, बिनशिकाऊ शिक्षकाला दहा रुपयांवर क्वचितच मिळते, आणि त्याची योग्यताही तेवढीच राहते. म्हणून चांगल्या शिक्षकाला निदान बारा रुपये द्यावे, मोठ्या गावात पंधरा किंवा वीस.

इतके कोणीही सांगितले असते. जोतीराव त्यापुढे जातात. गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवज नोंदणे, गावचे टपाल, स्टँपविक्री, असे एखादे काम शिक्षकाकडे असावे. म्हणजे गावच्या कारभारात त्याला स्थान मिळेल, त्याचा दर्जा वाढेल आणि लोकांवर त्याचे चांगले वजन पडेल, असे ते सुचवितात. मघाशी बलुत्यांच्या यादीत पंतोजी नव्हता असे मी म्हटले, त्याची आठवण येथे ठेवावी. जोतीराव शेतकऱ्यांत वावरलेले होते. गावात ज्याच्या सहीवाचून काही अडते त्यालाच गाव ओळखते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी शिक्षकासाठी दयेची भीक मागितली नाही. गावगाड्यात जागा मागितली.

आणि शिक्षकाकडूनही त्यांनी काही मागितले. शिक्षक शक्यतो ज्यांना शिकवायचे त्यांच्यातून यावे. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, असे असावे. १८६९ साली ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ हा पवाडा लिहून त्यांनी शूद्रांच्या मुलांना मागे ठेवणाऱ्या शिक्षकांवर कोरडे ओढले होते. शिक्षकाचा एवढा कडक टीकाकार शिक्षकाच्या पगाराची आणि दर्जाची एवढी आस्थेने तरतूद सुचवितो, ह्यात विसंगती काही नाही. कोणाकडून चोख कामाची अपेक्षा करणारा मनुष्यच त्याच्या पगाराचा विचार करतो. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नसते त्याला आपण हार घालतो आणि घरी जातो.

दोन वर्षे अगोदर, १८८० च्या जानेवारीत, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेची नोकरी सोडून आले. टिळक, नामजोशी आणि मागून आगरकर त्यांना मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढल्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. ज्यांना सरकारदरबारी मोठ्या जागा सहज मिळाल्या असत्या ते तरुण आपण होऊन अल्प वेतनावर शिकवू लागले. आजीव सदस्याचे पंचाहत्तर रुपये हा आकडा महाराष्ट्राला पाठ झाला. गोखल्यांनी आणि कर्व्यांनी उमेदीची वर्षे ह्या वेतनावर काढली. शाळेतला मनुष्य हा समाजाचा पुढारी असू शकतो, हे महाराष्ट्राने प्रथम येथे पाहिले. शिक्षकाच्या प्रतिष्ठेच्या इतिहासात ह्याहून उजळ पान नाही.

परंतु ह्या उजेडाची एक सावली पडली. ती स्पष्ट शब्दांत दाखविणे हे त्या थोर पुरुषांविषयी अनादर दाखविणे नव्हे. त्यागाचा अर्थ कुठवर न्यायचा ह्यावर त्यांच्यातच वाद झाला होता. आजीव सदस्याने बाहेरची प्राप्ती करावी की नाही, हा १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी दिलेल्या राजीनाम्यामागच्या प्रश्नांपैकी एक मोठा प्रश्न होता. त्यांचा त्याग स्वेच्छेचा होता. त्यांना दुसरे दरवाजे उघडे होते आणि ते त्यांनी आपल्या हाताने लावून घेतले होते. समाजाने मात्र त्यातून भलताच धडा घेतला. शिक्षकाने थोडक्यात भागवावे, हा जणू ह्या धंद्याचा धर्मच, असे तो समजू लागला. एकाने सोडलेला पैसा हा दुसऱ्याला न देण्याचे कारण झाला! आगरकरांची थोरवी सांगावी आणि आपल्या शाळेतल्या मास्तराने पगारवाढ मागितली की त्याच आगरकरांचे नाव घेऊन त्याला गप्प करावे, ही युक्ती आपल्या संस्थाचालकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. ज्याच्यापुढे दुसरा दरवाजाच नाही त्याच्या उपासमारीला त्याग म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

इकडे खेड्यातला मास्तर लोकलबोर्डाच्या ताब्यात गेला होता. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पुरुष म्हणजे दिपोटी. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांना स्वच्छ टोप्या घालायला सांगत, आणि मास्तराचा चेहरा पडलेला मुलांना दिसे. वर्षातून एकदा येणारी ही तपासणी निरुपयोगी आहे, वर्दी न देता वरचेवर यावे, हेही जोतीरावांनी १८८२ मध्येच सांगून ठेवले होते. मुलगा मास्तराला भितो आणि मास्तर दिपोटीला भितो, हे एकदा मुलाने पाहिले की खरा मान कोणाचा, हे त्याला कळून चुकते.

मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देऊन खेड्यातला मुलगा मास्तर होई. तीच परीक्षा देऊन तो तलाठीही होई. विद्या एकच, पण तलाठ्याच्या चावडीवर लोक हात जोडून उभे राहत आणि मास्तराला रस्त्यात रामराम घालून पुढे जात. तलाठ्याच्या दप्तरात जमीन होती, मास्तराच्या दप्तरात हजेरी होती. सोयरीक जमविणाऱ्या बापाला हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नसे. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती अधिक पूर्णपणे आल्या. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण निवडणुकीबरोबर बदलीचे हत्यारही स्थानिक पुढाऱ्याच्या हाती आले, आणि मास्तराला आणखी एक धनी मिळाला.

पैशाच्या बाबतीत समाजाने आपले मन वेळोवेळी उघड केले आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सर्व बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात तो हुकूम काढला. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात ह्यापेक्षा पुष्कळ सौम्य बिल मांडले, आणि पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोध करणारे सारे इंग्रज नव्हते. कर बसेल, मजूर मिळणार नाहीत, ही भीती आपल्यांतील थोरामोठ्यांनाही होती. शाळेला पैसा द्यावयाचा नाही आणि शाळेतल्या माणसाला मान द्यावयाचा, हे दोन्ही एकाच वेळी साधत नाही.

स्वातंत्र्यानंतर मास्तराचे गुरुजी झाले. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० ही सहाच वर्षे काढली. पण त्या शब्दात त्यांनी ओतलेले वात्सल्य फार मोठे होते. १९५८ पासून राष्ट्रीय पारितोषिके सुरू झाली, १९६२ पासून ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन झाला. राज्यघटनेनेही शिक्षकाची आठवण ठेवली. विधानपरिषदेच्या एकद्वादशांश जागा शिक्षकांनी निवडावयाच्या आहेत. महाराष्ट्रात अशा सात जागा आहेत. जगात फार थोड्या ठिकाणी असा मान असेल. मात्र हे कलम नीट वाचावे. मतदानाचा हा हक्क माध्यमिक शाळेपासून वरच्या शिक्षकांना आहे. प्राथमिक शिक्षक त्यातून वगळलेला आहे. दक्षिणा शास्त्र्याला आणि शिधा पंतोजीला, हा पेशवाईतला न्याय घटनेच्या १७१ व्या कलमात अशा रीतीने जिवंत राहिला आहे!

पगाराची स्थिती पालटली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९६६ साली कोठारी आयोगाने शिक्षकाच्या वेतनाचा आणि दर्जाचा प्रश्न देशापुढे ठामपणे मांडला. १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या चौपन्न दिवसांच्या संपात शिक्षक सरकारी नोकरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यानंतरच्या वेतन आयोगांनी कायम शिक्षकाला मध्यमवर्गात आणून बसविले. मग लोक म्हणू लागले की, आता पगार आहे, पण पूर्वीचे गुरुजी नाहीत. उपाशी होता तेव्हा दया, पोटभर झाला तेव्हा मत्सर. आदराची पाळी मध्ये आलीच नाही.

शिवाय सर्वांना पगार मिळतो असेही नाही. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे शिक्षकाने शिक्षक म्हणवून घ्यायचे नाही, सेवक म्हणवून घ्यायचे, आणि मानधन घ्यायचे: प्राथमिकला दरमहा तीन हजार, माध्यमिकला चार, उच्च माध्यमिकला पाच. २०२३ साली हे आकडे सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. ‘वेतन’ हा शब्द काढून ‘मानधन’ हा शब्द घातला, ह्यात वेतन कमी झाले. मान वाढला की नाही हे श्रोत्यांनी सांगावे. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांत तर माणसांनी वर्षानुवर्षे नाममात्र पैशावर, पुष्कळांनी बिनपैशाने शिकविले. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. अनुदानाची वाट पाहणे त्यापुढेही चालू राहिले. मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरून बसलेली माणसे आपल्याच मुलांना गणित आणि भूगोल शिकवीत आली आहेत. २००९ च्याच शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका एवढ्यांखेरीज इतर कामांना शिक्षक जुंपू नये असे सांगितले. असे कायद्याने सांगावे लागले, ह्यातच त्या माणसाच्या वेळेची आपण काय किंमत करतो ते आले.

तात्पर्य, मान नाहीसा झालेला नाही. लहान मुलांना शिकविणाऱ्या माणसाला तो आपण अद्याप दिलेलाच नाही. गुरूला दिला, शास्त्र्याला दिला, त्यागी पुढाऱ्याला दिला. पंतोजीची बाकी दोनशे वर्षे आपल्या खात्यावर आहे. ती शिक्षकदिनाच्या फुलांनी फिटणार नाही. नेमणूक झाल्या दिवसापासून पुरे वेतन, आपल्या वर्गात आपल्या बुद्धीने वागण्याचा अधिकार, आणि हुशार मुलाला ह्याच धंद्यात राहून वर चढता येईल अशी शिडी, ह्या तीन गोष्टी दिल्या म्हणजे मान मागाहून येतो. आणि शिक्षकानेही जोतीरावांची दुसरी अट विसरू नये: वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या, सर्वांत गरीब घरातल्या मुलाला ज्याने आपले मानले नाही, त्याला त्या घराकडून मान मागता येणार नाही.

ह्या नगरात शाळा आहेत, त्यांचे संस्थाचालक आणि पालक ह्या सभेत बसलेले आहेत. आपल्या शाळेत किती शिक्षक पुऱ्या वेतनावर आहेत आणि किती मानधनावर, एवढी एक चौकशी प्रत्येकाने ह्या आठवड्यात करावी. हा इतिहास पुढे कोणत्या बाजूने लिहावयाचा, हे त्या उत्तरावर आपण काय करतो ह्यावरून ठरेल.